बावटा कसला, ते तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पडवीत आंब्याच्या ४२ पेट्या भरून, पट्टी मारून तयार होत्या आणि एकीवरही लेबल नव्हतं. लेबल छापायचा छोटा प्रिंटर सूनबाईनं यंदा पहिल्यांदाच मागवला होता. गेल्या वर्षापर्यंत गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फळ किती डझनाचं, झाडावरून कधी उतरवलं, हे सगळं ती स्केचपेननं लिहायची. माल थेट पुण्या-मुंबईच्या घरांत जातो. टेम्पो संध्याकाळी साडेसहाला फाट्यावर येतो आणि तो आमच्यासाठी थांबत नाही.

प्रिंटर जोडला, कंपनीच्या साइटवरून त्याचा प्रोग्राम उतरवून घेतला, ‘इन्स्टॉल’ दाबलं. हिरवी पट्टी ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेली, जरा थांबली आणि चक्क उलटी मागे यायला लागली. मग खिडकी उघडली: फेटल एरर, १६०३. खाली निळ्या अक्षरांत ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’. केलं. जे पान आलं त्यावर डोकं खाजवणाऱ्या यंत्रमानवाचं चित्र होतं, वर ठळक इंग्रजीत ‘अरेरे, काहीतरी बिघडलं’ अशा अर्थाचं वाक्य आणि त्याखाली आपल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा हा सल्ला. आमच्या घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. ती स्वयंपाकघरात होती. तिनं येऊन विचारलं, फेटल म्हणजे काय? नातवानं ‘जीवघेणं’ असं भाषांतर केल्यावर तिनं आधी प्रिंटरची वायर भिंतीतून काढली.

पानाच्या तळाला प्रश्न होता, ‘ही माहिती उपयोगी पडली का?’ मी ‘नाही’ दाबलं. पानानं माझे आभार मानले.

संपादक महाशय, मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस. २०२० च्या जानेवारीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. यंत्र बिघडतं याचं मला नवल नाही, त्यावरच माझं घर चाललं. पण बिघाड कळवायचीही एक रीत असते, आणि ती आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवली होती. १९८ वर तक्रार आली की टेस्ट डेस्कवरच्या माणसानं सर्वांत आधी एकच गोष्ट ठरवायची: फॉल्ट आत आहे की बाहेर. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची लोखंडी चौकट असते, तिच्या एका अंगाला आमची यंत्रं, दुसऱ्या अंगाला गावात जाणाऱ्या तारा. तिथे जोडी तोडायची आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं तपासायचं. आतला दोष असेल तर लाइनमनला पावसात पाठवायचं नाही. बाहेरचा असेल तर कार्डं उपसत बसायचं नाही. एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

त्या यंत्रमानवाच्या पानावर नेमकं हेच नव्हतं. बिघडलं ते कुणाकडे? प्रिंटरमध्ये, माझ्या कॉम्प्युटरमध्ये, कंपनीच्या प्रोग्राममध्ये, की उतरवताना फाइल अर्धवट आली? पुन्हा प्रयत्न केला तर चालेल की अर्धवट बसलेलं आणखी बिघडेल? काही नाही. फक्त १६०३.

हा आकडा कसला, ते मी नंतर शोधून काढलं. विंडोजवर प्रोग्राम बसवणारी जी यंत्रणा आहे तिच्या आकड्यांना अर्थ आहेत. १६०२ म्हणजे माणसानं स्वतःच रद्द केलं. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी आधीच बसतंय, ते संपू द्या. ३०१० ही तर चूकच नाही, काम झालंय, मशीन बंद करून चालू करा एवढंच. हे आकडे शहाणे आहेत. १६०३ मात्र पोस्टातल्या ‘इतर’ खणासारखा आहे. ज्या बिघाडाला दुसरीकडे जागा नाही तो तिथे टाकतात. फोल्डरवर लिहायची परवानगी नसली तरी १६०३, आधीची आवृत्ती आडवी आली तरी १६०३, आणि माझ्याकडे जे झालं तेही १६०३.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. जागेअभावी पत्राला कात्री लावायची झाली तर टेलिफोनच्या आठवणी कापा, पण हा भाग ठेवा, कारण हे कोकणातल्या बऱ्याच घरांत होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रिंटर आणि तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जामसंड्यात भाचीकडे गेलो. तिच्या लॅपटॉपवर दोन मिनिटांत बसलं. म्हणजे प्रिंटर ठीक, फाइल ठीक. एमडीएफवर जोडी तोडून झाली होती, दोष माझ्या मशीनच्या अंगाला. घरी येऊन जागा पाहिली, रिकामी होती. विंडोज तीच. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहिला. काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे मशीनचा डबा घेऊन गेलो. त्यानं प्रोग्राम मागे सोडून गेलेली नोंदींची फाइल उघडली, ज्याला ते लॉग म्हणतात. शेकडो ओळी. तो खालून वर वाचत गेला आणि एका ओळीवर बोट ठेवून हसला. युजर्सच्या फोल्डरपुढे जिथे माझं नाव हवं होतं तिथे पाच प्रश्नचिन्हं होती.

कॉम्प्युटर घेतला तेव्हा नातीनं हौसेनं माझ्या खात्याला मराठीत नाव दिलं होतं: आजोबा. विंडोजनं ते आनंदानं घेतलं, त्या नावाचा फोल्डरही केला. प्रोग्राम बसताना आपल्या फायली आधी त्याच फोल्डरातल्या टेंप नावाच्या कोपऱ्यात सोडतात. पण हा प्रोग्राम जुन्या पद्धतीनं लिहिलेला. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी त्यानं प्रश्नचिन्ह घातलं. आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. झालं, फोल्डर सापडेना. आजोबा ही अक्षरं तीन, मग प्रश्नचिन्हं पाच का, हे त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, काका, मशीन आ, ज, ओकाराची मात्रा, ब आणि काना असे पाच मोजतं. बालवाडीत आम्हाला फोड करून शिकवायचे तसंच की!

जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी आकडे देणारी जी यादी, युनिकोड, तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. विंडोजमध्ये ती २००० पासून आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला, आमच्या वाचनालयानं पेढे वाटले, मीही खाल्ले. आणि लेबल छापणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ती अजून पाच प्रश्नचिन्हं आहे.

पण माझी मुख्य तक्रार ही नाही. जुना प्रोग्राम असेल, नसेल त्याला मराठी येत. माझी तक्रार पुढची आहे. त्याच लॉगमध्ये प्रश्नचिन्हांच्या ओळीखाली आणखी एक आकडा होता: १२३. विंडोजच्या कोशात १२३ चा अर्थ ‘फाइलचं किंवा फोल्डरचं नाव नीट नाही’ असा आहे. म्हणजे मशीनला कारण माहीत होतं! अगदी तळाशी, जिथे काम अडलं, तिथे नेमकं कळलेलं होतं. वर येता येता प्रत्येक मजल्यावर त्यातला थोडा थोडा भाग गळत गेला आणि माझ्यापर्यंत आला तो ‘जीवघेणा १६०३’ आणि डोकं खाजवणारा यंत्रमानव. लाइनमननं खांबावरून सांगावं की शिरगावच्या वळणावर जॉइंटमध्ये पाणी शिरलंय, आणि ग्राहकाला उत्तर मिळावं की काहीतरी बिघडलंय, तसं. आमच्या खात्यात असं करणाऱ्याला साहेबांनी दाराबाहेर उभं केलं असतं.

मोठ्यांकडेही हे होतं, म्हणून लहान कंपन्यांना सूट द्यावी असं नाही, पण नोंद करतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोजची एक सुरक्षा दुरुस्ती अनेक कॉम्प्युटरांवर बसेना. खरं कारण होतं डिस्कच्या रिकव्हरीसाठी राखलेल्या भागात जागा अपुरी असणं. २५० मेगाबाइट मोकळे हवे होते. पडद्यावर मात्र ०एक्स८००७०६४३ हा ‘इन्स्टॉल फसलं’ एवढंच सांगणारा आकडा यायचा. जागा कमी आहे असा वेगळा संदेश दाखवायला हवा होता, पण चुकांचे आकडे हाताळणाऱ्या भागातच दोष असल्यामुळे हा दिसतो, असं मायक्रोसॉफ्टनं स्वतःच जाहीर केलं. निदान कबूल तरी केलं.

आता तुमच्या वाचकांपैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांनी जरा आठवून पाहावं. ट्रंक, म्हणजे परगावचा फोन, लागत नसला की फोनमध्ये एक बाई बोलायची. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत, थोड्या वेळानं पुन्हा डायल करा. लोक त्या बाईवर वैतागायचे, तिची नक्कल करायचे. पण तिनं काय काय सांगितलं बघा. दोष तुमच्या फोनमध्ये नाही, मार्गावर आहे. नंबर चुकलेला नाही. आत्ता दहादा फिरवून उपयोग नाही. थोड्या वेळानं जमेल. एका वाक्यात आत-बाहेरचा निकाल! आणि बाई नसायची तेव्हाही नुसत्या आवाजावरून कळायचं. पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता म्हणजे समोरचा बोलतोय. नंबरच नसला तर आवाज निराळा. सही न येणारी माझी आजीसुद्धा रिसीव्हर कानाला लावून सांगायची, ‘एंगेज आसा, मागसून कर.’

आकड्यांनाही माझा विरोध नाही. आमच्या देवगड बंदरावर वादळाचा बावटा लागतो. तीन नंबर लागला की कुठल्याही खलाशाला पुस्तक उघडावं लागत नाही, होड्या आत. आकडा आहे, पण त्यामागे काय करायचं ते सगळ्या किनाऱ्याला पाठ आहे. शेजारचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, त्या तीन दिवसांत रोज डोकावायचा. तो म्हणाला, ‘भाऊनु, तुमचो ह्यो कम्प्युटर बावटो लावता, पण कसलो तां सांगणा नाय.’ या पत्राला मथळा हवा असेल तर तोच घ्या.

या बावट्यांची यादी अकरापर्यंत जाते आणि त्यातला अकरावा मला फार आवडतो. दहापर्यंतचे सगळे हवेबद्दल बोलतात, जवळ वादळ, दूर वादळ, मोठा धोका. अकरा नंबरचा अर्थ वेगळाच: हवामान केंद्राशी आमचा संपर्क तुटला आहे, पण इथल्या अधिकाऱ्याला लक्षण बरं दिसत नाही. मी तो लागलेला कधी पाहिला नाही. पण ज्यानं कुणी ती यादी केली त्यानं आपली स्वतःची यंत्रणा बंद पडेल तेव्हा काय सांगायचं, तेही आधीच ठरवून ठेवलं होतं. कारण ठाऊक नसेल तर ‘आम्हाला कारण ठाऊक नाही, तरी एवढं करा’ असं सांगता येतं. यंत्रमानवाचं चित्र काढावं लागत नाही.

पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोनवर हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, काका, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. प्रोग्राम वापरायला सोपा कसा करावा याचे जेकब नीलसन नावाच्या माणसानं १९९४ साली दहा नियम मांडले, त्यातला नववा हाच. चूक साध्या भाषेत सांगा, नेमकी सांगा आणि उपाय सुचवा. मग करत का नाही? तर म्हणे बिघाडाचं पान सगळ्यांत शेवटी होतं, रिलीजच्या आदल्या रात्री. तोवर सगळे दमलेले असतात आणि ज्यानं कोड लिहिला तोच मजकूर ठोकून देतो. चित्रासाठी मात्र डिझायनरला आठवडा मिळतो. पुतण्या प्रामाणिक आहे, त्यानं हेही सांगितलं की त्याच्या स्वतःच्या प्रॉडक्टमध्येही एक मांजर आहे, रिकाम्या बशीकडे बघणारं.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, कारण पान मुकं असलं की माणूस दुसरीकडे विचारायला जातो. मी गेलो. १६०३ असं शोधल्यावर ‘ही एक फाइल उतरवून घ्या, सगळं दुरुस्त होईल’ म्हणणाऱ्या साइटी आल्या, आणि त्या प्रिंटर कंपनीचा म्हणून एक ग्राहक सेवा नंबर. लावला. पलीकडचा गृहस्थ माझ्याहून गोड बोलणारा. आधी स्क्रीन दाखवायचं एक अ‍ॅप मोबाइलवर घ्यायला सांगितलं, मग नोंदणीसाठी फक्त दहा रुपये. तिथे माझ्यातला टेस्ट डेस्कवाला जागा झाला आणि मी फोन ठेवला. सूनबाई एकटी असती, पेट्या पडवीत पिकत असत्या आणि टेम्पोचा भोंगा वाजत असता, तर तिनं दहा रुपये भरले असते. मग १९३० ला फोन करून सायबर पोलिसांना सांगत बसायची वेळ. खऱ्या कंपनीनं आपल्या पानावर आपला खरा नंबर आणि तो कधी उचलला जातो ती वेळ एवढं जरी छापलं असतं, तरी त्या भामट्याचं दुकान माझ्यापुरतं बंद होतं.

आणखी एक. आमच्याकडे एप्रिलच्या वळवाची पहिली सर आली की वीज जाते, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो पण नेट जातं. नेट गेलं म्हणून प्रोग्राम बसला नाही, तर कारण वाचायला नेटवर या म्हणणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला वर येऊन दोर घेऊन जा म्हणण्यासारखं. निदान पहिल्या चार ओळी प्रोग्रामच्या पोटातच असाव्यात. बाकीचं पान मोबाइलवर उघडेल असं हलकं ठेवावं आणि खिडकीत क्यूआर कोड द्यावा. विंडोज कोलमडली की येणाऱ्या निळ्या पडद्यावर तो २०१६ मध्येच आला होता, मग प्रिंटरवाल्यांना काय जड आहे?

मराठीबद्दल मात्र हात जोडून सांगतो, शब्दकोशातली मराठी नको. दुसऱ्या एका प्रोग्रामात मी ‘स्थापना प्रक्रिया घातक त्रुटीमुळे निरस्त’ असं वाचलं आहे. त्यापेक्षा तो यंत्रमानव बरा. ‘प्रोग्राम बसला नाही’ म्हणा, अख्ख्या सिंधुदुर्गाला कळेल.

नुसती टीका नको म्हणून मी त्या कंपनीला माझ्या बिघाडाचं पान लिहूनच पाठवलं. ते असं:

‘प्रिंटरचा प्रोग्राम बसला नाही. प्रिंटर ठीक आहे. तुमच्या फायलींना धक्का लागलेला नाही, अर्धवट बसलेलं आम्ही काढून टाकलं आहे, पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. कारण असं: कॉम्प्युटरवर तुमच्या युजरचं नाव मराठी अक्षरांत आहे आणि आमच्या प्रोग्रामला ती वाचता येत नाहीत. ही उणीव आमची आहे. सध्या असं करा: इंग्रजी अक्षरांत नाव देऊन नवीन युजर उघडा आणि त्यातून प्रोग्राम बसवा. जुन्याच युजरचं नाव बदलून उपयोग होणार नाही, कारण आतल्या फोल्डरचं नाव बदलत नाही. तरीही अडलं तर फोन करा आणि १६०३, १२३ हे दोन आकडे सांगा.’

नाव बदलण्याची ओळ अनुभवातून आली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आधी तेच केलं होतं. पडद्यावर नाव इंग्रजीत दिसू लागलं, पट्टी पुन्हा ऐंशीवर जाऊन मागे आली. मग त्या पोरानं दुसरा युजर उघडून दिला आणि सहा वाजता पहिलं लेबल निघालं. त्या ४२ पेट्या तोवर स्केचपेननंच गेल्या होत्या. एका पेटीवरचा पिनकोड घाईत चुकला, ती कोथरूडऐवजी भलतीकडे फिरून आठवड्यानं पोचली आणि गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. तो इथे वर्णन करण्यासारखा नाही.

आता कॉम्प्युटरवर दोन खाती आहेत. लेबलं छापायची असली की सूनबाई इंग्रजी खात्यातून जाते. ‘आजोबा’ मी काढू दिलं नाही, त्यात नातीचे फोटो आहेत आणि नावही तिनंच दिलेलं.

कंपनीचं उत्तर त्याच रात्री आलं. यंत्रानं पाठवलेलं. माझी तक्रार नोंदवली गेली आहे आणि तिला आठ आकडी क्रमांक मिळाला आहे. आज मे संपत आला, पेट्या संपल्या, पुढचं पत्र आलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग